बळी कोणाचे, कर्णधारपद कोणाचे?

जासई हे पनवेल-उरण रस्त्यावरचे माझे गाव. जमिनीच्या लढ्यामुळे ते महाराष्ट्राला ठाऊक आहे. जानेवारी १९८४ मध्ये सिडकोच्या भूसंपादनाविरुद्ध उठलेल्या शेतकऱ्यांवर येथे गोळ्या झाडल्या गेल्या, पाच माणसे हुतात्मा झाली, आणि त्या लढ्याचे नेते दि. बा. पाटील याच गावचे. त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे तत्त्व निघाले. ज्याच्या नावावर सातबाराच नव्हता त्याच्या वाट्याला या टक्केवारीतून काय आले, हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे आणि तो कोणीतरी लिहिला पाहिजे. आज मी लिहिणार आहे ते क्रिकेटवर.

वाचक दचकतील. या पानांवर क्रिकेट कशाला? पण आमच्या भागात जिथे पूर्वी भात आणि मीठ पिकत असे, तिथे आता मातीचा भराव पडला आहे, आणि तो भराव बांधकामाची वाट पाहत पडून असतो तोवर त्यावर टेनिस चेंडूचे सामने होतात. हिवाळ्यापासून पावसाळ्याच्या तोंडापर्यंत एक रविवार सुना जात नाही. मालिकावीराला मोटारसायकल मिळते, उत्कृष्ट गोलंदाजाला चषक मिळतो, आणि सामना संपल्यावर चहाच्या टपरीवर दोनच वाद रात्रीपर्यंत चालतात. मालिकावीर खरा कोण होता, हा एक. आणि उपान्त्य फेरीत आलेल्या चार संघांत खरा तगडा संघ कोणता, हा दुसरा. धावा, बळी, झेल, सगळे पोरांच्या जिभेवर असते. हे वाद मी आवडीने ऐकतो, कारण हे आकडे कितीही घोकले तरी वाद मिटत नाही. आकड्यांच्या पलीकडे कोणीतरी एक बसलेला असतो आणि शेवटी तो ठरवतो. तो कोण, आणि तो कोणाकडे पाहून ठरवतो, हा प्रश्न मात्र टपरीवर कोणी विचारीत नाही.

हा प्रश्न आपल्या इतिहासात एका माणसाच्या आयुष्यभर विचारला गेला आहे. त्याचे नाव पालवणकर बाळू.

बाळूचा जन्म धारवाडचा, १८७६ चा. जात चांभार. घराण्याचे नाव कोकणातल्या पालवण गावावरून आलेले. बाप लष्करात नोकरीला, म्हणून बालपण पुण्याच्या छावणीत गेले. साहेब लोकांनी टाकून दिलेल्या साहित्यावर बाळू आणि त्याचा भाऊ शिवराम क्रिकेट शिकले. लष्करी छावणीने आपल्या समाजाला काय दिले याची चर्चा आपण नेहमी शिक्षणाच्या आणि नोकरीच्या अंगाने करतो. चेंडूही तिथूनच आला, हे त्या यादीत घातले पाहिजे.

पोटासाठी बाळूने आधी पुण्याच्या पारशांच्या क्लबात खेळपट्टी झाडण्याचे आणि रूळ फिरवण्याचे काम धरले. महिना तीन रुपये. १८९२ च्या सुमारास तो युरोपियनांच्या पूना जिमखान्यात गेला. पगार चार रुपये झाला. तिथे जाळी लावायची, खेळपट्टी आखायची, आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकायचे. जे. जी. ग्रेग हा त्या काळचा नामांकित फलंदाज. तो इतरांच्या आधी तासभर येई आणि बाळूला गोलंदाजी करायला लावी. बाळूने आपल्याला बाद केले की दर खेपेस तो आठ आणे देई, अशी आख्यायिका आहे. आख्यायिका बाजूला ठेवू. त्या जिमखान्यात बाळूने वर्षानुवर्षे हजारो चेंडू टाकले, पण त्याच्या हाती बॅट कोणी दिली नाही. फलंदाजी हे साहेबाचे काम, चेंडू टाकणे हे नोकराचे. श्रमाची विभागणी नव्हे, श्रमिकांचीच विभागणी, हे जातीचे जे वर्म बाबासाहेबांनी उघडे केले, ते क्रिकेटच्या जाळीतसुद्धा असे बसलेले होते. आणि या विभागणीतूनच हिंदुस्थानातला पहिला मोठा डावखुरा फिरकी गोलंदाज घडला.

या ठिकाणी एका चित्रपटाबद्दल बोलल्यावाचून राहवत नाही. २००१ चा 'लगान' आपल्या पोरांनी पाठ केलेला आहे. त्याचा काळ १८९३ चा दाखवला आहे, म्हणजे बाळू पुण्यात ग्रेगला चेंडू टाकत होता त्याच वर्षांचा. त्यात कचरा नावाचा अस्पृश्य गोलंदाज आहे. त्याचा चेंडू वळतो तो हात अधू आहे म्हणून. नायक मोठ्या मनाने त्याला संघात घेतो, गावाला चार शब्द सुनावतो, गाव विरघळते. पाहणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी येते. पण अस्पृश्याचे कौशल्य हा दैवयोग, त्याचा संघप्रवेश ही नायकाची करुणा, आणि त्याने स्वतः मागितलेले काहीच नाही, हे गणित पटकथेत गुपचूप बसवलेले आहे. खरा बाळू धडधाकट होता. त्याची फिरकी कमावलेली होती. आणि त्याला संघात घेतले ते कोणाच्या करुणेने नव्हे, गरजेने.

गरज अशी होती. पुण्याच्या हिंदू क्लबाला युरोपियन जिमखान्याला हरवायचे होते. बाळूइतका गोलंदाज त्यांच्याकडे नव्हता. मग वाद पेटला. चांभाराला घ्यायचे की नाही? क्लबातले काही तेलंग सभासद बाजूने होते, पुण्याचे ब्राह्मण विरोधात होते. ग्रेगनेच, बाळूला न घेणारे हिंदू मूर्ख ठरतील अशा अर्थाचे बोलून दाखवले असे सांगतात. शेवटी बाळू संघात आला. मैदानावर त्याने टाकलेला चेंडू ब्राह्मण यष्टिरक्षक झेलत होता, तो चेंडू विटाळत नव्हता. पण चहापानाच्या वेळी बाळूचा चहा तंबूच्या बाहेर, मातीच्या कुल्हडात येई. तोंड धुवायचे तर दुसरा अस्पृश्य नोकर मैदानाच्या कोपऱ्यात पाणी घेऊन उभा राही. जेवण वेगळ्या पंक्तीला. पुढे बाळूच्या गोलंदाजीने युरोपियन हरू लागले, साताऱ्यातही विजय मिळाला, तेव्हा न्यायमूर्ती रानडे यांनी, ज्याच्यासोबत खेळता त्याच्यासोबत जेवायला काय हरकत, अशी समज दिली असे सांगतात. रानडे १९०१ साली वारले. सुधारकांच्या खात्यावर ही नोंद जरूर करावी, पण जेवणाची पंगत विजयानंतर आठवली, आधी नाही, हेही त्याच खात्यावर लिहावे.

पुढे बाळू मुंबईला गेला. तिथे हिंदू जिमखान्याच्या संघातून तो खेळू लागला आणि फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदू विरुद्ध युरोपियन हा गाजलेला सामना झाला. हिंदूंनी २४२ आणि १६० धावा केल्या, युरोपियनांनी १९१ आणि १०२. हिंदू १०९ धावांनी जिंकले. बाळू आणि शिवराम दोघेही त्या संघात होते. वंगभंगाच्या चळवळीचे ते दिवस. राज्यकर्त्याला त्याच्याच खेळात हरवले, म्हणून मुंबई आनंदली. 'इंडियन सोशल रिफॉर्मर' या पत्राने तर या विजयाचा संबंध जातिबंधने सैल होण्याशी जोडला. पुण्याच्या खेळाडूंनी चांभाराला संघात घेतले, मुंबईने त्याला पंक्तीला घेतले, ही जुन्या दुफळीतून सुटण्याची पायरी आहे असा त्याचा सूर होता. तो सूर प्रामाणिक होता, यात मला शंका नाही.

पण त्याच वर्षांत देशात दुसरी एक मोजणी चालू होती. १९०९ च्या सुधारणांनी मुसलमानांना स्वतंत्र मतदारसंघ मिळाले आणि प्रत्येक समाजाची ताकद डोकी मोजून ठरू लागली. १९११ च्या जनगणनेआधी आयुक्त गेट याने परिपत्रक काढले. ज्यांना देवळात प्रवेश नाही, ज्यांच्या घरी ब्राह्मण जात नाही, ज्यांच्या स्पर्शाने विटाळ होतो, त्यांची नोंद वेगळी दाखवावी, असा त्याचा आशय होता. हिंदू पुढारी खडबडून जागे झाले. ज्यांना विहिरीवर येऊ देत नव्हते त्यांना यादीतून जाऊ द्यायला ते तयार नव्हते. म्हणजे जनगणनेत आम्ही हिंदू, युरोपियनांविरुद्धच्या सामन्यात आम्ही हिंदू. 'संघाची ताकद' हा शब्द टपरीवरच्या पोरांनी काढलेला नाही. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हिंदुस्थानचे सगळे राजकारण त्या शब्दावर चालले होते, आणि त्या ताकदीत आमची डोकी आणि बाळूचा डावा हात, दोन्ही धरलेले होते.

१९११ साली पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग यांच्या नेतृत्वाखाली हिंदुस्थानचा पहिला सर्वधर्मीय संघ इंग्लंडला गेला. महाराज स्वतः फार थोडे सामने खेळले, दरबार आणि मेजवान्यांत ते गुंतले. संघाने एकूण २३ सामने खेळले, ६ जिंकले, १५ गमावले, २ अनिर्णित राहिले. लीस्टरशायर आणि सॉमरसेट या दोन कौंटी संघांवर मात झाली. एकट्या बाळूने साऱ्या दौऱ्यात ११४ बळी घेतले, प्रत्येकी १९ धावांहूनही कमी देऊन. तेव्हा तो पस्तिशीत होता आणि खांद्याच्या दुखण्याने बेजार होता. या दौऱ्याला मालिकावीराचा चषक असता तर वाद घालायला दुसरे नावच नव्हते. परत आल्यावर मुंबईच्या अस्पृश्य समाजाने त्याचा सत्कार केला. त्या वेळचे मानपत्र एल्फिन्स्टन कॉलेजात शिकणाऱ्या वीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी लिहिले असे सांगितले जाते. आपल्या समाजाकडे त्या काळी अखिल हिंदुस्थानात नाव झालेला दुसरा माणूस फारसा नव्हता. लहानपणी बाबासाहेबांनी ज्याच्याकडे अभिमानाने पाहिले असे एक नाव सांगायचे तर ते बाळूचे सांगावे लागेल.

आता कर्णधारपदाचा प्रश्न.

१९१२ साली तिरंगी स्पर्धेत मुसलमानांचा संघ आला आणि ती चौरंगी झाली. हिंदू संघात बाळू सर्वांत अनुभवी. प्रथम दर्जाच्या ३३ सामन्यांत १७९ बळी आणि सरासरी १५.२१, ही त्याची कारकिर्दीची अखेरची नोंद आहे. दरवर्षी कर्णधार निवडायची वेळ येई आणि दरवर्षी तो मान दुसऱ्याला जाई. १९१३ साली कर्णधारपद एम. डी. पै यांना मिळाले. पै हे सारस्वत ब्राह्मण. त्यांनी आपल्याच सत्काराच्या वेळी जाहीरपणे सांगितले की हा मान ज्येष्ठ आणि अनुभवी म्हणून बाळूला मिळायला हवा होता. पैंच्या या वाक्याचे मोल मी कमी लेखत नाही. त्या काळी एवढेही कोणी बोलत नव्हते. पण सत्कार पैंचा झाला आणि कर्णधारही पैच राहिले.

माझ्या मते येथे खेळाच्या इतिहासाची एक मेख आहे. बळी मोजता येतात. फलक सर्वांसमोर असतो, पंच बोट वर करतो, नोंदवहीत लिहिले जाते. तिथे जातीला लपायला जागा नाही, म्हणून तिथे जात गप्प बसते. कर्णधारपद मात्र मोजता येत नाही. तिथे 'नेतृत्वगुण' लागतात, 'वजन' लागते, 'चारचौघांत शोभणे' लागते. मग जिमखान्याच्या खोलीत बसलेली आठ-दहा माणसे आपला कौल देतात. जातीने मैदान सोडले असेल, ती खोली सोडली नव्हती. आजही निवड समिती म्हणा, मुलाखतीचे गुण म्हणा, पुरस्काराची परीक्षक मंडळी म्हणा, जिथे फलक नाही आणि फक्त मत आहे तिथे आपली माणसे कशी गळतात, याचा अनुभव या अंकाच्या वाचकांना मी सांगायला नको. माझ्या शाळकरी वयात एका गावच्या संघात आमच्या वाड्यातले दोघे गोलंदाज असत. अंतिम सामना असला की निरोप न चुकता येई. चषकासोबतच्या फोटोची वेळ मात्र त्यांना कोणी कळवीत नसे.

मग आले १९२० साल. या वर्षाला आपल्या इतिहासात वेगळे स्थान आहे. ३१ जानेवारीला 'मूकनायक' निघाला. मार्चमध्ये माणगावची परिषद झाली आणि शाहू महाराजांनी तिथे जमलेल्यांना त्यांचा पुढारी दाखवला. त्याच वर्षाच्या अखेरीस चौरंगी स्पर्धेत पै आजारी पडले. बाळूला संघातूनच वगळण्यात आले आणि कर्णधारपद दि. ब. देवधर यांना दिले गेले. देवधर पुण्याचे ब्राह्मण, वय २८. पुढे त्यांनी मोठे नाव कमावले, महाराष्ट्राला रणजी करंडक मिळवून दिला. त्यांच्या गुणवत्तेशी माझे भांडण नाही. पण त्या दिवशी ज्येष्ठतेने आणि अनुभवाने त्यांच्या पुढे दोघे होते, विठ्ठल आणि शिवराम, बाळूचे भाऊ. दोघांनी संघातून अंग काढून घेतले आणि 'बॉम्बे क्रॉनिकल'मध्ये निवेदन देऊन कारण सांगितले. आम्हाला डावलले ते खेळामुळे नव्हे, जातीमुळे, आणि हा अपमान आम्ही गिळणार नाही, असा त्याचा रोख होता.

हिंदू संघात खेळायला मिळते हाच उपकार समजावा, अशी ज्यांच्याकडून अपेक्षा होती त्यांनी खेळायला नकार दिला. मूकनायकाच्या वर्षात दोन चांभार क्रिकेटपटू वर्तमानपत्रात बोलले. या दोन घटनांचा एकमेकींशी थेट संबंध होता असा दावा मी करीत नाही. काळ एक होता आणि वाऱ्याची दिशा एक होती, एवढे खरे.

आणि मग काय झाले ते पाहा. अंतिम सामना पारशांशी होता, आणि पारशांचा संघ तगडा होता. पै आजारातून उठले, पुन्हा कर्णधार झाले. बाळूला परत बोलावून उपकर्णधार केले गेले. भाऊ परत आले. सामन्यात पै मैदान सोडून आत गेले आणि चव्वेचाळीस वर्षांच्या बाळूने काही वेळ हिंदू संघाचे नेतृत्व केले. तीच जिमखान्याची खोली, तीच माणसे. मधल्या काळात त्यांचे हृदयपरिवर्तन झाले म्हणावे, तर ते अंतिम सामन्याच्या तोंडावरच कसे झाले? जेव्हा हार समोर दिसते तेव्हा संघाची ताकद आठवते. बाळूला मिळालेले सारे कर्णधारपद ते इतके, पै तंबूत असतील तेवढ्या वेळेचे.

तीन वर्षांनी, १९२३ साली, विठ्ठल हिंदू संघाचा कर्णधार झाला. मधल्या काळात पुष्कळ पाणी वाहून गेले होते. काँग्रेसच्या नागपूर अधिवेशनात अस्पृश्यता निवारणाची भाषा आली होती, गांधींचे नाव घरोघर झाले होते, आणि मुंबईच्या वर्तमानपत्रांत पालवणकरांच्या बाजूने पत्रे लिहिणारे सवर्ण वाचकही निघाले होते. विठ्ठलच्या संघाने अंतिम सामन्यात युरोपियनांना हरवले आणि प्रेक्षकांनी त्याला खांद्यावर घेतले. या यशाचे श्रेय बहुतेक लेखक गांधीयुगाच्या हवेला देतात. हवा होती, हे मान्य. पण १९२० ला भावांनी नकार दिला नसता तर ती हवा जिमखान्याच्या खिडकीतून आत गेली असती असे मला वाटत नाही. जो मान मिळाला तो नकाराने मिळाला, आणि मिळाला तो धाकट्याला. थोरल्याचे वय गेले होते.

हा सारा प्रकार आपल्याकडचाच आहे असे कोणी समजू नये. अमेरिकेत क्रिकेटच्या जागी बेसबॉल आहे. तिथे हंगाम संपत आला की देशभर हाच वाद चालतो. यंदाचा सर्वांत मोलाचा खेळाडू कोण, आणि अखेरच्या बाद फेरीत आलेल्यांत जबर संघ कोणता. मोलाचा खेळाडू वर्तमानपत्रांचे क्रीडालेखक मतदानाने ठरवतात, १९३१ पासून. पण १८८० च्या दशकाच्या अखेरीपासून तिथल्या गोऱ्या मालकांनी काळ्या खेळाडूंना मोठ्या स्पर्धांतून बाहेर ठेवले होते. कायदा नव्हता, लेखी नियम नव्हता, फक्त समज होती. आपल्याकडे विहिरीवरची पाटी कोठे होती? काळ्या लोकांनी मग स्वतःची संघटना काढली, १९२० साली, रूब फॉस्टर यांच्या पुढाकाराने. पुन्हा तेच वर्ष! आणि त्याच वर्षाच्या अखेरीस गोऱ्या बेसबॉलचा प्रमुख म्हणून न्यायाधीश लँडिस नेमला गेला. तो १९४४ साली मरेपर्यंत त्या पदावर होता आणि तोवर एकही काळा खेळाडू आत आला नाही. मोलाच्या खेळाडूला देण्यात येणाऱ्या मानचिन्हावर याच लँडिसचे नाव कोरले गेले.

१५ एप्रिल १९४७ रोजी जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिनच्या संघातून मैदानात उतरला. त्याच वर्षी त्याला सर्वोत्तम नवोदिताचा मान मिळाला, १९४९ ला सर्वांत मोलाच्या खेळाडूचा. म्हणजे ज्याच्या काळात काळ्यांना दार बंद होते त्या माणसाचे नाव असलेले चिन्ह काळ्या खेळाडूच्या हाती आले. ते नाव पुसायला २०२० साल उजाडावे लागले. आणि काळ्यांच्या संघटनांतले आकडे अधिकृत नोंदवहीत मिसळायला २०२४. ते मिसळताच जोश गिब्सन हा फलंदाज .३७२ च्या सरासरीने साऱ्या इतिहासात पहिल्या क्रमांकावर आला, टाय कॉब या गोऱ्या दैवताच्या पुढे. गिब्सन जानेवारी १९४७ मध्येच वारला होता, रॉबिन्सनला दार उघडण्याच्या तीन महिने आधी.

१९७२ साली मुंबईच्या आपल्या तरुणांनी पँथर हे नाव तिथून घेतले. त्याच्याही आधी, १९४६ साली, बाबासाहेबांनी डू बॉईस यांना पत्र लिहून दोन्ही समाजांची स्थिती किती सारखी आहे हे कळवले होते. या नात्यात मला एक फरक मात्र दिसतो. काळ्यांना बाहेर ठेवले, म्हणून त्यांनी आपला खेळ वेगळा उभा केला, त्याचे आकडे वेगळे जपले, आणि एक दिवस ते आकडे समोर ठेवता आले. आम्हाला आत घेतले, हिंदू म्हणून घेतले, आणि आमचे आकडे हिंदूंच्या नावावर जमा झाले. १९३७ साली चौरंगी स्पर्धा पंचरंगी झाली, 'इतर' नावाचा पाचवा संघ आला, त्यात ख्रिस्ती, ज्यू वगैरे आले. अस्पृश्यांचा संघ असावा असे कोणाला सुचले नाही. धर्माच्या नावाने चालणारी ती स्पर्धा १९४६ साली बंद पडली ते बरे झाले, तिच्यासाठी मी अश्रू ढाळीत नाही. पण पालवणकर बाळूच्या बळींचे श्रेय कोणाच्या खात्यावर आहे, हा हिशेब तिच्यासोबत बंद झाला नाही.

शेवटी आपल्याच खात्यातली एक नोंद तपासायची आहे, आणि ती कडू आहे. आपल्या लेखनात बाळूचे नाव फार कमी येते याचे कारण सगळ्यांना ठाऊक आहे, बोलत कोणी नाही. १९३२ साली स्वतंत्र मतदारसंघांच्या प्रश्नावर बाळू बाबासाहेबांच्या विरुद्ध बाजूला उभा राहिला. राजा-मुंजे कराराची त्याने बाजू घेतली, पुणे करारावर त्याची सही आहे. नंतर तो हिंदू महासभेच्या तिकिटावर मुंबई महापालिकेला उभा राहिला आणि पडला. आणि फेब्रुवारी १९३७ मध्ये मुंबई कायदेमंडळाच्या निवडणुकीत काँग्रेसने त्याला थेट बाबासाहेबांसमोर उभे केले. बाबासाहेबांना १३,२४५ मते मिळाली, बाळूला ११,२२५. वीस वर्षांचा असताना ज्याचे मानपत्र लिहिले असे म्हणतात, त्याच्याशी बाबासाहेबांना मतपेटीत लढावे लागले.

या नोंदीवरून बाळूला गद्दार ठरवून मोकळे होणारे मी पाहिले आहेत. त्यांच्याशी माझे जमत नाही. बाळूचे राजकारण चुकीचे होते असे मी स्वच्छ म्हणतो. संयुक्त मतदारसंघात आमचा प्रतिनिधी कोण हे सवर्ण मतदार ठरवणार, म्हणजे पुन्हा तीच जिमखान्याची खोली. ज्याने आयुष्यभर त्या खोलीचा कौल सोसला त्याला हे दिसायला हवे होते. पण त्याला दुसरेही काही दिसले होते. त्याने अकरा हिंदूंत उभे राहून खेळ केला होता, पंगत बदलताना पाहिली होती, भावाला खांद्यावर घेतलेले पाहिले होते. मनुष्य आपल्या अनुभवातून राजकारण काढतो. बाळूचा अनुभव खोटा नव्हता, तो अपवाद होता, आणि अपवादावरून नियम बांधता येत नाही एवढेच बाबासाहेब सांगत होते. शिवाय चांभार आणि महार यांच्यात जी दरी होती तिचा फायदा काँग्रेसने घेतला, आणि ती दरी काँग्रेसने खणलेली नव्हती. तिच्याबद्दल आपण किती बोलतो? आपल्या सभांत मिरवणुकीतले फोटो कोणाचे असतात आणि कोणाचे नसतात, हे पाहिले तर १९३७ ची ती दोन हजार वीस मतांची दरी अजून कोठे कोठे आहे ते कळेल.

मला विचाराल तर बाळूची नोंद दोन खात्यांवर करावी. राजकारणाच्या खात्यावर त्याला विरोधकांत ठेवावे, कारण तो तिथे होता. आणि ज्या खात्यावर आपण शिवराम जानबा कांबळे, गोपाळबाबा वलंगकर ही नावे लिहितो, माणूसपण मिळवण्याच्या पूर्वतयारीच्या त्या खात्यावर त्याचेही नाव लिहावे. त्याने सभा घेतली नाही, अर्ज लिहिला नाही. पण 'अस्पृश्य लायक नाहीत' या शास्त्राला त्याने पंचवीस वर्षे सर्वांच्या देखत खोटे पाडले. मूकनायकाच्या आधीची ती वर्षे आपण मोकळी ठेवतो.

विठ्ठलने १९४८ साली 'माझे क्रीडा-जीवन' हे आत्मचरित्र मराठीत प्रसिद्ध केले. दलित आत्मकथनांची यादी करणाऱ्या एकाही अभ्यासकाने त्यापासून सुरुवात केलेली माझ्या पाहण्यात नाही. ते क्रिकेटचे पुस्तक म्हणून बाजूला राहिले. बाळू ४ जुलै १९५५ रोजी मुंबईत वारला, धर्मांतराच्या सव्वा वर्ष आधी. त्याने स्वतः काही लिहून ठेवले नाही. जे आहे ते नोंदवह्यांत आहे, धावफलकांत आहे, जुन्या वर्तमानपत्रांच्या क्रीडापानांवर आहे, आणि ती पाने आपल्यापैकी फारसे कोणी अजून उलटलेली नाहीत.